फाशांची रंगीत तालीम

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. प्रत्येक गोष्ट त्यांनी आधी घरी करून पाहिलेली असते. इथे हॉलंडात, डीमनला आल्यावर त्या सायकल शिकल्या त्या बाल्कनीत, स्टँडवरच्या सायकलीवर बसून, वळताना हात दाखवत. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी यजमानांना डॉक्टर करून आपला खोकला सविस्तर सांगितला. यजमान म्हणाले, "पॅरासिटॅमॉल घ्या." दुसऱ्या दिवशी खरा डॉक्टरही तेवढंच म्हणाला, तेव्हा वहिनींना तालीम फळल्याचं समाधान झालं.

त्यांना बाडहूव्हडॉर्प गावात माझ्याच ऑफिसात नोकरी लागली आणि पहिल्याच पार्टीचं आमंत्रण आलं. भाड्याचं कॅसिनो टेबल, खोट्या चिप्स आणि फाशांचा खेळ. यजमानांच्या कंपनीच्या पार्ट्यांत त्या वर्षानुवर्षं ज्यूसचा ग्लास धरून भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. "या वेळी पार्टी माझी आहे गं," त्या मला म्हणाल्या, "आता भिंतीशी उभी राहणार नाही." मग काय, डायनिंग टेबलावर हिरवी चादर आली, सापशिडीतले दोन फासे निघाले. फासे एका हातानं टाकायचे आणि समोरच्या कडेला आपटले पाहिजेत, म्हणून यजमान पलीकडे पोळपाट उभा धरून बसले. पहिल्या फेकीत दोन्ही फाशांचे मिळून सात आले तर जिंकलो. आठ-बिठ आले तर सातच्या आधी तोच आकडा पुन्हा यायला हवा, मधेच सात पडले की मेलो. "हा सात सासरच्या माणसांसारखाच," वहिनींनी निकाल दिला. "पहिल्या दिवशी कौतुक, मग सगळा घात." मी, यजमान, वहिनी असे आळीपाळीनं आम्ही रविवारभर खेळलो.

पार्टीत वहिनींच्या हाती फासे आले. आठ पडले. दोन-तीन फेकींनंतर पुन्हा आठ! त्यांच्या नावानं चिप्स लावलेलं अख्खं टेबल ओरडलं. वहिनींनी हसत फासे उचलले आणि शेजारच्या उंच मॅनेजरपुढे ठेवले. "नाऊ यू, प्लीज." टेबल चालवणाऱ्या मुलीनं ते काठीनं परत त्यांच्याकडे सरकवले. वहिनींनी पुन्हा पुढे केले, आणि गोंधळून माझ्याकडे वळल्या. "अगं, माझी पाळी झाली ना? दुसऱ्याला नको का द्यायला?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी आम्ही दर डावाला फासे पुढच्याला देत होतो, आणि त्यात काही चुकतंय हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, मधे सात पडेपर्यंत फासे तुमचेच." त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे थांबले होते. "अजून मीच?" त्या म्हणाल्या, आणि मला एकदम भरून आलं.

पुढे बराच वेळ त्यांनी फासे कुणाला दिले नाहीत. आता जेवणाच्या सुट्टीत त्या त्याच घोळक्यात बसतात, मोडक्या डचमध्ये भांडतातसुद्धा. तालीम कशाचीच करत नाहीत. उत्तमच झालं म्हणायचं. फक्त रविवारी मला त्यांची फार आठवण येते, आणि त्या तर वरच्याच मजल्यावर राहतात.