चहा कोण घेणार?

फौंड्रीच्या गेटबाहेर चहाची टपरी होती. तिथं आमच्या युनियनचे एक जुने कार्यकर्ते आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "चहा कोण घेणार?" मग गर्रकन वळून कुणाकुणाचे हात वर आहेत ते बघायचे.

कोल्हापुरात फुकटच्या चहाला नको म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मीही नाही. म्हणजे ज्याचा हात खाली, त्याला ऐकूच आलेलं नाही. हे खालच्या हातांचे बहुतेक फेटलिंगवाले, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारे, असत. त्यांच्या शेडमध्ये दिवसभर कास्टिंगवर ग्राइंडर चालायचे आणि कंपनीनं कानात घालायला कधी बोंडं दिली नव्हती. त्यांचे कप ते स्वतः नेऊन हातात द्यायचे.

युनियनची शिबिरं तेच ठरवायचे. कामगारांना काय शिकवायचं असं विचारलं की म्हणायचे, "आदी खातं बघूया की!" मग सगळी पाळी शेडमध्ये उभे राहून धूळ खायचे. आम्ही त्यांना 'साहेब' म्हणून चिडवायचो.

"व्हय, बिनपगारी साहेब!" ते हसायचे.

एका वर्षी मात्र ते बैठकीत अडूनच बसले. आधी कंपनीकडं कानाची बोंडं मागा आणि फेटलिंगचं शिबिर शेडमध्येच, मशीन बंद ठेवून, हातानं दाखवत घ्या, म्हणाले.

"हॉल ठरलाय," अध्यक्ष म्हणाले. "पावणं पुण्यास्नं येणार हायत."

"पर त्यास्नी ऐकू येत न्हाय!"

"माईक हाय की!"

विषय होता सकारात्मक विचार. फेटलिंगवाले शेजाऱ्यानं टाळी वाजवली की वाजवत होते. "इतके शांत श्रोते मी पाहिले नाहीत," असं पाहुणे म्हणाले आणि अध्यक्ष फुलले. जेवणात तांबडा-पांढरा होता, त्यामुळं शिबिर यशस्वी झालं. आमचे बिनपगारी साहेब न जेवता घरी गेले. त्या रश्श्याची मला अजून चीड येते.

बोंडं काही आली नाहीत. ते निवृत्त होऊन गडमुडशिंगीला राहायला गेले आणि गेल्या महिन्यात वारले.

युनियनच्या ऑफिसात शोकसभा झाली. फेटलिंगची माणसं पहिल्या रांगेत होती. "कामगारांचा आवाज हरपला," असं बोलून अध्यक्षांनी डोळे पुसले. मला राहवलं नाही. उठून खिडकीशी गेलो, पाठ केली आणि हळूच विचारलं, "चहा कोण घेणार?"

वळून बघितलं. अध्यक्षांचा हात वर होता. पहिली रांग हात जोडून फोटोकडं बघत होती.