मधोमध ठेवलेले डबे

नवऱ्याचं हृदय मी पहिल्यांदा पाहिलं ते मोशीतल्या एका दवाखान्यात, ह्यांना डाव्या कुशीवर निजवलं होतं तेव्हा, सोनोग्राफीच्या पडद्यावर. धडधडत होतं बिचारं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय." आमचे साहेब खूश! चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या मशीनवर उभा जन्म गेलेला माणूस; जाड म्हणजे मजबूत, एवढंच त्यांना ठाऊक.

मला मात्र राहवेना. जाड झाली तर बिघडलं कुठे, असं मी विचारलंच. बाई म्हणाल्या, हृदय म्हणजे स्नायूच. रक्तदाब वाढलेला असला की त्याला सतत जोर लावून रक्त ढकलावं लागतं, म्हणून भिंत जाड होते. मग ती नीट सैल पडत नाही, आणि सैल पडल्याशिवाय कप्पा रक्तानं भरणार कसा? हे असंच वाढत गेलं तर एक दिवस हृदय थकेल. गोळी नेमानं घ्या, मीठ कमी करा, भाज्या, डाळी, फळं वाढवा. जाडी थोडी उतरूही शकते. हृदयाला सैल पडणंही जमावं लागतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी घाबरले होते, पण खरं सांगायचं तर मला त्याचं नवलही वाटत होतं.

घरातलं लोणचं-पापड बंद केलं. मेथी, लाल माठ, मोडाची मटकी. मीठ अगदी चिमूटभर, त्याऐवजी लसूण, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड. डबा रोज चाटूनपुसून परत यायचा. गोळी तर हे माझ्यासमोर घ्यायचे. तरी रक्तदाब ढिम्म हलेना. कुठे चुकतंय तेच कळेना.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनपाशी ह्यांचा एक सोबती भेटला, कोकणातला. "वहिनी, तुमची मेथी एक नंबर हां! मीठ कमी असतं, पण आम्ही वरून घेतो."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच. डबे मधोमध ठेवायचे, स्वतःचा कोण खातो? ह्याला तर आमची सुकटीची चटणी लागते."

म्हणजे माझी पथ्याची भाजी अख्खी लाइन खात होती, आणि ज्याच्यासाठी ती शिजत होती तो खारट सुकटीवर ताव मारत होता! स्वतःचाच डबा खाणारा तिथे चिक्कू ठरतो. आणि आजाराचं ह्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पेशंट म्हणून मशीनवरून उठवतील ही धास्ती. मला राग आला, हसूही आलं. ह्यांनी डोळे वटारले तरी मी बोलून टाकलं, "ह्यांच्या हृदयाची भिंत जाड झालीय. पडद्यावर मी स्वतः पाहिलीय. ती चटणी ह्यांना देत जाऊ नका."

मग तो सोबती हळूच म्हणाला, "ते पडद्यावर कुठे बघतात, वहिनी? जिना चढताना मलापण दम लागतो. घरी बोललो नाय अजून."

त्याची बायको प्रसादाचे पेढे घेऊन आमच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा पाहून मी आधी तिच्या हातातले पेढे माझ्याकडे घेतले.

इतका वेळ माझ्यावर धुमसणारे आमचे साहेब पुढे झाले. "सोमवारी माझ्यासंगं चल, भावा," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "भ्यायचं काय न्हाई. डाव्या कुशीवर पडायचं, बस. मी बी तसाच पडलो व्हतो."