नायकाच्या नावापुढचा रकाना

माझ्या मावसभावाचा उजवा हात मोडला तो माझ्या कथेमुळं. मोडणारे दुसरे होते, पण माणूस मी दाखवून दिला होता. हे आधीच सांगते, म्हणजे मला कुणी बिचारी समजून पुढचं वाचायला नको.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. मी मूळची मुखेड तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेज करून पदवी घेतलेली पहिली मीच, आणि कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगायची. उदगीरला मावशीकडं राहून एका शाळेत तासिकेवर शिकवत होते. मावसभाऊ चार वर्षांनी धाकटा, डाळ मिलमध्ये कामाला. मला अक्का म्हणायचा.

तेव्हा टीव्हीवर दोन फौजदारांची मालिका नुकतीच संपली होती. दोघं जिवाचे दोस्त. माझ्यासारख्या कितीतरी जणी मोबाईलवरच्या कथांच्या ॲपवर त्या दोघांचं पुढचं आयुष्य आपापल्या मनानं लिहायच्या. कुणी त्यांना गोव्याला न्यायची, कुणी परदेशात. मला समुद्र कुठला लिहिता येतोय? मी त्यांना उदगीरला आणलं आणि टँकरच्या रांगेत उभं केलं.

टँकरचा काही नेम नसायचा. माणसं ड्रम रांगेत ठेवून कामाला जायची. कुणाचा ड्रम कुठला ते कळावं म्हणून त्यावर ऑइलपेंटनं खूण काढलेली असायची. आमच्या ड्रमवर मावसभावानं पिवळं पिंपळपान काढलं होतं. मधे कुणी आपला ड्रम घुसवू नये म्हणून भरवशाचे शेजारी दोन ड्रम काथ्याच्या दोरीनं एकमेकांना बांधून ठेवायचे. आमच्या ड्रमाला बांधलेला ड्रम असायचा मावसभावाच्या दोस्ताचा. तो टेम्पो चालवायचा आणि राहायचा तीन गल्ल्या सोडून. तरी रोज त्याचा ड्रम आमच्या ड्रमाशेजारी.

मी ते सगळं उचललं. पान, दोरी, टेम्पोवाल्याचं शीळ घालणं, मावसभावाचं लाजून मान खाली घालणं. सगळं माझ्या फौजदारांना दिलं. सात भाग झाले. फौजदार एका बाजेवर झोपले, गळ्यात हात घालून आठवडी बाजारात फिरले. गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्याकडं दोस्त असेच असतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची बायको माझी पक्की वाचक. रांगेत भेटली की म्हणायची, "काय दोस्ती लिहायलात बाई! डोळ्याला पाणीच येतंय."

आठव्या भागाला ॲपवरच्या वाचक पोरी माझ्यावर तुटून पडल्या. कथेच्या फॉर्ममध्ये प्रत्येक पात्राच्या नावापुढं एक रकाना होता: पात्राची लैंगिकता. तो मी रिकामा सोडायची. एकीचं म्हणणं, थोरला फौजदार मालिकेत एका बाईत गुंतला होता, मग तो दोन्हींकडचा. दुसरी म्हणे, छे, तो फक्त पुरुषांकडचाच. दोघींनी एकमेकींची आई-बहीण काढली. तिसरीनं मला लिहिलं, "भरायला घाबरतेस ना? गावाकडच्या लेखिकेकडून एवढीच अपेक्षा."

ते मला झोंबलं. मला घाबरट म्हणायची कुणाची टाप? मी रकाने भरले. थोरला उभयलैंगिक, धाकटा समलिंगी. आणि धाकट्याच्या ड्रमावर पान होतं.

दुकानदाराच्या बायकोनं कौतुकानं नवऱ्याला मोबाईल दाखवला, "बघा, आपली गल्ली कशी लिहिलीय." त्यानं वरचा रकाना वाचला. मग पान वाचलं. मग दोरी.

दुसऱ्या दिवशी नव्या जिल्ह्यासाठी मोर्चा होता. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. भर दुपारी दुकानदार आणि दहाबारा माणसं झेंड्यांच्या काठ्या घेऊन परतली, आणि नेमका तेव्हाच टँकर आला. मी घागर घेऊन रांगेत होते. मावसभाऊ आणि टेम्पोवाला ड्रम पुढं सरकवत होते.

दुकानदारानं दोरीला काठीचं टोक लावलं. "ही गाठ कुनी मारली रं?"

टेम्पोवाला म्हणाला, "मी मारली, अण्णा. तुमचं काय गेलं?"

"नवरी कोन तुमच्यातली, तेवढं सांग."

माणसं हसली. टेम्पोवाल्यानं त्याची गचांडी धरली आणि पहिली काठी टेम्पोवाल्याच्याच डोक्यात बसली. तो खाली पडला. पडल्यावर पोटात लाथा. मावसभाऊ त्याच्यावर आडवा झाला, हात वर केला, त्यावर काठी आली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. त्याची मान मात्र तेव्हाही खालीच होती. टँकरचं पाणी चालू होतं. बायका त्यांना ओलांडून पाईपखाली कळश्या लावत होत्या. चिखलात रक्त मिसळलं आणि कुणीतरी ओरडलं, "पानी सांडू नका!"

मी घागर दोन्ही हातांनी उचलली आणि दुकानदाराच्या तोंडावर घातली. त्याचे दोन दात पडले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तो रक्त थुंकत म्हणाला, "आमाला कशाला मारती? लिहिलंस तू. आमी निस्तं वाचलं."

मी पुन्हा घागर घातली.

दवाखान्यात टेम्पोवाल्याला अकरा टाके पडले. मावसभावाचं प्लॅस्टर होत होतं तेव्हा मी म्हटलं, "ती गोष्ट मी आजच काढून टाकते."

"आता काढून काय?" तो म्हणाला. डाव्या हातानं ओलं प्लॅस्टर चाचपलं. मग म्हणाला, "शब्द खोटा न्हवता, अक्का. पण माझ्या नावापुढं लिहायच्या आधी मला इचारायचं होतंस."

"तुझं नाव कुठं लिहिलं होतं रे?"

"पान तर माझंच हाय ना."

पंधरा दिवसांत ते दोघं टेम्पो घेऊन हैदराबादला गेले. प्लॅस्टर अजून निघालं नव्हतं. मी कथा काढून टाकली. त्या तिसरीनं लगेच लिहिलं, "घाबरलीस शेवटी." मी उत्तर दिलं, "हाव, घाबरले."

हे लिहायच्या आधी मी मावसभावाला फोन केला. काय लिहिणार ते सगळं सांगितलं. मागं टेम्पोवाला शीळ घालत होता. "लिही," तो म्हणाला. "माझा मोडलेला हात बी लिही. ड्रमावरची खूण तेवढी बदल."

बदलली. आमच्या ड्रमावर पान नव्हतं.