पूजेतला लॅपटॉप

पुण्याची नोकरी सोडून मी वणीला आले ती बाबांसाठी. आई गेल्यावर ते घरात एकटेच होते. प्रोग्रामिंगचं इथलं पहिलं काम मिळालं एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की वजनाची पावती निघायला हवी. दसऱ्याला काटापूजन, त्या सकाळी पावती निघाली नाही तर मालक नागपूरच्या कंपनीला काम देणार होते, आणि मी मुकाट्यानं पुण्याला परत.

ऐन वेळी मालकांनी काटाच नवा बसवला आणि माझ्या प्रोग्रामला वजन वाचता येईना. एरवी मी एआय सहायकाला हाताशी धरते. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आपण अडचण लिहायची, तो कोड तपासून दुरुस्त करतो. पण तो चालायचा जुन्या ऑफिसच्या खात्यावर, आणि माझं खातं काढायला सहायकाची मूळ कंपनी माझं कार्ड काही घेईना. एका मैत्रिणीनं तोड सुचवली. सहायक तोच ठेव, फक्त त्याला तुझं कार्ड घेणाऱ्या दुसऱ्या एका सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता आणि किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी अक्षरांची ओळ, दे. बाबांना मी सांगितलं, पाण्याची मोटार आपलीच, विजेचं कनेक्शन दुसऱ्या डीपीवरून. त्यांना लगेच पटलं.

नवमीच्या सकाळी आधी पत्ता चुकला, मग किल्लीच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली, पण अखेर सहायक बोलू लागला. मी खुशीत आंघोळीला गेले. बाहेर येऊन पाहते तर लॅपटॉप बंद, देव्हाऱ्यापुढे, बाबांच्या पान्यांशेजारी, वर हळदकुंकू! पत्ता आणि किल्ली मी फक्त त्या उघड्या खिडकीतच दिली होती. ती खिडकी गेली, सगळं पुन्हा करणं आलं.

"बाबा, कायले बंद केला?" माझा आवाज चढलाच.

"खंडेनवमी हाय. अवजारं आज इसावा घेतात. उद्या घेजो."

कोळसा खाणीत फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. या दिवशी त्यांनी पान्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. मी रडकुंडीला आले. आज झालं नाही तर काम जाईल आणि मलाही जावं लागेल, एवढंच म्हटलं.

ते देव्हाऱ्यापाशी आले. "खाणीतला पंप नवमीलेही चालूच ठेवत होतो आम्ही," मग म्हणाले. "पाणी काय सण पाह्यते?" लॅपटॉपला नमस्कार करून त्यांनी तो स्वतः माझ्या हातात दिला.

या वेळी पत्ता आणि किल्ली मी सेटिंगच्या फाइलमध्येच लिहिली. सहायकानं घोळ शोधला: नवा काटा आकडे उलट्या क्रमानं पाठवत होता. दिवेलागणीला जिनिंगवर जाऊन पाहिलं, वजन बरोबर दिसू लागलं. त्या मैत्रिणीला मी फोनवर इतक्यांदा थँक्यू म्हटलं की ती वैतागली.

दसऱ्याला पहिल्या गाडीची पूजा झाली, शेतकऱ्याला शेला-नारळ दिला आणि पावती निघाली. मालकांनी सबंध हंगामाचं काम मला दिलं. सोबत आलेले बाबा परतताना स्कूटीवर माझ्या मागे बसले होते.

"म्हणजे आता पुण्याले नाही जात ना तू?"

"नाही, बाबा," मी म्हटलं, आणि गाडी बाजूला घ्यावी लागली, कारण पुढचं काही दिसेना.