न वाळलेला थेंब

या ग्रुपवरचे पांढऱ्या साडीवाल्या बायांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खुशाल हसते. राग मानू नका, माझं घरच तसं. वडील मलकापूरला मास्तर, पक्के बौद्ध. भूत, नजर, अंगात येणं, यातला एक शब्द निघाला तरी जेवणावरून उठवायचे. त्यात माझं काम रक्त तपासायचं. मायक्रोस्कोपखाली दिसतं ते खरं, बाकी सगळ्या थापा, असं मी आजही म्हणते. म्हणजे... एक गोष्ट सोडून.

बीबी गावाजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. पावसाळा सरत आला की आमच्याकडे तापाची रांग लागते. प्रत्येकाचं बोट टोचायचं, काचेच्या पट्टीवर एका टोकाला जाड थेंब घ्यायचा, शेजारी पातळ थर ओढायचा. ते वाळलं की रंग चढवून मलेरियाचे जंतू शोधायचे. थेंब आपसूक वाळू द्यायचा — ऊन नाही, आच नाही, नाहीतर रक्त भाजतं आणि काही दिसत नाही. वर जाळी झाकायची, कारण मुंग्या-माश्या आमच्याआधी तपासणी उरकून टाकतात. कितीही दमट हवा असो, संध्याकाळपर्यंत थेंब वाळतोच.

समीक्षा पहिलीत होती. तिची आजी तिला कडेवर घेऊन आली तेव्हा पोरीचं अंग नुसतं फणफणलं होतं. तिची आई वंदना शेगावला एका लॉजवर खोल्या झाडायच्या कामाला, महिन्यातून कधीतरी घरी यायची. मी बोट पुसत होते तेव्हा पोरीने एवढंच विचारलं, "माही माय आली का?" आजी म्हणाली, निघाली आहे, येतेच. मी टोचलं. पोर रडली नाही. मला ते तेव्हाच बरं वाटलं नाही... एवढंसं लेकरू सुईला रडत नाही, म्हणजे त्याच्यात त्राण उरलेलं नसतं. डॉक्टरांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

त्या दुपारच्या बाकी सगळ्या काचा वाळल्या, तपासूनही झाल्या. समीक्षाची ओलीच. असेल काहीतरी म्हणून झाकून घरी गेले. सकाळी जाळी उचलली तर थेंब तसाच — लाल, चकचकीत, आत्ता बोटातून काढल्यासारखा. आता रक्त काचेवर वाळतं, गोठतं, काळं पडतं. रात्रभर ओलं राहत नाही. मी वैतागले. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले काच खराब असेल, पोर परत आली की दुसरा नमुना घे. आमचं हे बोलणं चाललंय तोवर गावातून फोन आला. समीक्षा गेली होती.

दुसरा नमुना आता कुठून घ्यायचा? काच टाकून द्यायला उचलली आणि परत ठेवून दिली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

माती झाली, आणि त्यानंतरच्या सकाळी वंदना आली. बसा म्हटलं तरी बसेना, दारातच उभी राहिली. मेहकरला तिची एस्टी चुकली होती. ती पोचली तेव्हा पोरीला घरी आणलेलं होतं आणि पोर थंड होती. सगळे म्हणतात अंग तापलं होतं, पण माझ्या हाताला तो ताप लागलाच नाही... हेच ती परत परत सांगत होती. मग थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तिचं रक्त अजून हाये का तुमच्यापाशी?"

टाकून दिलं, असं सांगता आलं असतं. मी ट्रे काढला. थेंब ओलाच होता. नमुना असा कोणाच्या हातात द्यायचा नसतो, मला माहीत आहे. तरी मी तिच्या तळहातावर काच ठेवली आणि स्वतः कडेने धरून राहिले.

"गरम हाये," वंदना म्हणाली.

दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. मी काचेखाली बोट घातलं. तुम्हाला खोटं कशाला सांगू — काच गरम होती. बाहेर ढग, खिडकी बंद, जवळपास शेगडी नाही की दिवा नाही. रोज तापकऱ्यांचे हात हातात घेते मी. ती ऊब मला ओळखू येते.

वंदना खाली बसली. मीही तिच्याबरोबर बसले. तिने दुसऱ्या हाताने वरून आडोसा केला आणि अगदी हळू बोलायला लागली, "आली ना मी, समू. एस्टी चुकली वं. झोप आता."

आणि आमच्या डोळ्यांदेखत थेंब वाळायला लागला. आधी कडा, मग आत आत. लाल रंग काळपट झाला, चमक गेली. मला रडू आवरेना. परत बोट लावलं तेव्हा काच गार पडली होती.

बऱ्याच वेळाने तिने काच माझ्याकडे दिली. "गेली," ती म्हणाली. "पण या खेपेले मी होती तिच्यापाशी."

रंग चढवताना थेंबातला लाल रंग पाण्याबरोबर निघून जातो, हे मी तिला आधी सांगितलं. धुवा म्हणाली. काच तपासली, मलेरिया नव्हता. कोणता ताप होता ते मोठ्या दवाखान्यालाही नीट सांगता आलं नाही. आणि थेंब का वाळला नाही, काच कशाने तापली, ते मला सांगता येत नाही. त्याच डब्यातल्या बाकीच्या काचा मी एकेक करून वापरल्या, त्यांत काही खोट नव्हती. दमट हवेत पुन्हा तसंच करून पाहिलं. थेंब वाळले.

तुमच्यापैकी कोणाला यामागचं शास्त्रीय कारण ठाऊक असेल तर मला जरूर सांगा, मी मान्य करीन. फक्त वंदनाच्या कानावर ते जाऊ देऊ नका.