अक्कांची जीभ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, आणि ज्याच्याबरोबर मी ही संस्था उभी केली त्या विलासला तर नाहीच. दोनदा सांगायचं ठरवून त्याच्यासमोर बसले होते. दोन्ही वेळा चहा घेणार का विचारलं आणि उठले. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यापुढे चांगलं दिसण्याची मला सवय लागलेली नाही.

आमचं ऑफिस जळगावात, पिंप्राळ्यात. तीन खोल्या आणि दारावर पाटी – जगातली भूक हटवायची तर आधी शेती टिकाऊ करायला हवी, अशा अर्थाची. पाटीवरचं वाक्य माझं. आमच्यात कामाची वाटणीच तशी आहे – विलास मातीत हात घालतो, मी तोंड चालवते. दिल्लीला जाऊन भुकेवर बोलायचं आणि संध्याकाळी भरपेट जेवायचं, हे माझ्याकडे. मला ते छान जमतं. बोलता बोलता गळा कुठे दाटवायचा, तेही कळतं.

पण मला सांगायचं आहे ते अक्कांबद्दल.

अक्का अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, थोड्या तिरसट. त्यांच्याकडे दादर होती – आमच्या खान्देशातली रब्बीची जुनी ज्वारी. पण अक्कांची दादर निराळी. लग्नात माहेरहून बियाणं घेऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून दरवर्षी चार ओळी का होईना, पेरत आल्या होत्या. तिची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहायची आणि चावताना शेवटी किंचित गोडसर लागायची. मी स्वतः खाल्ली आहे, म्हणून सांगते.

मग मुलानं सगळं रान कपाशीखाली घ्यायचं ठरवलं. अक्का भांडल्या, हरल्या, आणि आमच्या बियाणे बँकेत आल्या. दोन शेर ज्वारी, राखेत कालवलेली, वर कडुनिंबाचा पाला.

"बठ्ठं बी तुले दी टाकं, बेटा," म्हणाल्या. "मन्हाकडे आते एक दाणा नई. राख झटकू नको बरं. राखमा बी निजस."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत आहे.

पुढच्याच महिन्यात परदेशातून पाहुणे येणार होते, आमचं काम बघायला. मी काचेच्या बरण्या आणल्या, लेबलं छापून घेतली. बाकीची बियाणी बरणीत कशी झळकत होती! अक्कांची ज्वारी मात्र करडी, मळकट – फोटोत चुलीतला कचरा दिसावा तशी. विलास दोन दिवस धुळ्याला गेला होता. मी चाळण घेतली आणि राख चाळून काढली. पाला वेचून टाकला. दाणे फडक्यानं पुसले, अगदी मोती. झाकण घट्ट लावलं. पाहुण्यांनी त्याच बरणीचे सर्वांत जास्त फोटो काढले.

राख परत घालायची राहिली. राहिली, म्हणजे मी घातली नाही – आणखी पाहुणे येणार होते ना.

पावसाळाभर बरणी कपाटात उभी होती. पेरणीच्या आधी उघडली तेव्हा आत टोके किडे वळवळत होते. दाणा चिमटीत धरला की पीठ होत होतं. सगळी बरणी मी उपसून बघितली, एक एक दाणा दाबून. पन्नास वर्षं जी एका बाईनं चुलीच्या राखेत सांभाळली, ती मी चार महिन्यांत संपवली. फोटोसाठी.

इथेच विलासला सांगायला हवं होतं. तो चिडला असता, कदाचित रडलाही असता – आणि मग आम्ही दोघं अक्कांकडे गेलो असतो. एवढंच तर होतं. पण मी काय केलं? रिक्षा केली, बाजारात गेले आणि तशाच रंगाची, तशाच आकाराची दादर घेऊन आले. बरणी धुतली, भरली. लेबल तेच राहू दिलं.

विलासनं ती पेरली. अशी माया लावून पेरली की मला बघवेना. पीक झकास आलं. दुसऱ्या वर्षी गावोगाव वाटली, तिसऱ्या वर्षी लोक तिला 'अक्कांची दादर' म्हणायला लागले. वाईट ज्वारी नव्हती हो ती. कुणाचं नुकसान झालं नाही. मीही असंच म्हणत राहिले स्वतःशी.

पण खरी गोष्ट ही नाहीच. एवढ्यावर निभावलं असतं तर मी कदाचित गप्पच राहिले असते.

आम्ही बियाण्यांची जत्रा भरवली, अक्कांच्याच गावात. शाळेच्या पटांगणात मांडव, चुली मांडलेल्या, बायका भाकऱ्या थापतायत. अक्कांना शाल दिली, नारळ दिला, पहिली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तुकडा मोडला. चावला. पुन्हा चावला. मांडवात सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"हाई मन्ही ज्वारी नई शे," अक्का म्हणाल्या.

हळू बोलल्या होत्या. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. पण विलास शेजारीच त्याच भाकरीचा तुकडा मोडून बसला होता. त्याचा घास हातातच थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. हसले. आणि माइकवर बोलायच्या माझ्या त्या प्रेमळ आवाजात म्हणाले, "अक्का, ज्वारी तीच आहे हो. वय झालं की जिभेची चव जाते. माझ्या आईचंही असंच झालंय."

बायका हसल्या. विलासनं घास तोंडात घातला. माझी आई ठणठणीत आहे, आणि तिला सगळ्या चवी कळतात.

अक्कांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता या बाई माझी चांगली हजेरी घेणार. घेतली असती तर बरं झालं असतं. त्यांनी आणखी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "व्हई माय. मन्हीच जीभ गई व्हई."

माझं ऐकून त्यांनी स्वतःवरचा विश्वास सोडला. शिकलेली बाई, इतक्या मायेनं सांगतेय, ती खोटं कशाला बोलेल?

त्या गावात लग्नाचं वरण-बट्टीचं जेवण असलं की वरणाची पहिली वाटी अक्कांच्या ओट्यावर जायची. त्यांनी चाखून मान हलवल्याशिवाय पंगत बसत नसे. जत्रेनंतरच्या पहिल्याच लग्नात त्यांनी वाटी परत पाठवली. आता मला कळत नाही, म्हणाल्या. पुढे पुढे वाटी येईनाशी झाली. हे मला विलासनं सांगितलं, हळहळत. मीही हळहळले – त्याच्यासोबत, त्याच्याइतकीच.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्या गावात गेलो होतो. सून शेतात होती, म्हणून अक्कांनीच उडदाची दाळ केली, भाकरी टाकल्या. ताटं वाढायच्या आधी वाटीत थोडी दाळ घेऊन माझ्यासमोर आल्या.

"बेटा, तू जरा चाखी देख. मन्ही जीभनं आते काही खरं नई."

मी चाखली. मीठ बरोबर होतं. कमी नाही, जास्त नाही, अगदी जिथं असायला हवं तिथं. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, कधीच झालेलं नव्हतं. विलास समोर बसला होता, हात धुऊन, वाट बघत. बरोबर आहे म्हटलं असतं, तर अक्कांची जीभ बरोबर ठरली असती – आणि मग जत्रेतल्या भाकरीबद्दल त्या म्हणाल्या तेही.

"थोडं कमी आहे, अक्का," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. चमचाभर मीठ टाकून ढवळताना त्यांचा आवाज आला, बरं झालं इचारं, म्हणत होत्या.

दाळ खारट झाली होती. विलासनं पाणी पीत पीत कशीबशी संपवली. मी छान झालीय म्हटलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.