फिरत्या काचांआडची मेव्हिस

मेव्हिस ट्रँटरने नवऱ्याचे नुसते हात बघून लग्न केलं, असं आमच्या टॅनर रस्त्यावर अजून सांगतात. साफ खोटं. सिरिलचा चेहरा तिने चांगला निरखला होता. काच स्वतः फिरवून, दोनदा. "पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून," असं ती सांगते, आणि सिरिल ग्लास पुसत राहतो.

अफवेला कारण 'ऑस्ट्रिच' पबची बांधणीच. काउंटरसमोरची जागा लाकडी आडभिंतींनी खणाखणांत वाटलेली. प्रत्येक खणाला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार. काउंटरवर, बरोबर तोंडाच्या उंचीला, नक्षीदार दुधी काचांची ओळ, दांडीवर फिरणारी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बड्या लोकांना पिताना कुणाला दिसायचं नव्हतं. त्यामुळे काउंटरमागून दारू देणाऱ्या मेव्हिसला काचेखालून दिसतात ते हात आणि ऐकू येतात ते आवाज. तेवढ्यावर तिचा जन्म गेला.

सत्तरच्या दशकात दारू कंपन्यांना जुने पब मोडून हॉल करायची हौस आली. ऑस्ट्रिच ज्या कंपनीचा, तिचे गॅस्कॉइनसाहेब येऊन थडकले. बोलणं नाकातून, एकेक शब्द रबरासारखा ताणून.

"मिसेस ट्रँटर, हे सगळं पाडायचं. एकच हॉल. मोकळंऽ, हवेशीऽर. आजकाल लपायचंय कुणाला?"

काचा गेल्या की ऑस्ट्रिच म्हणजे रेल्वेची वेटिंग रूम. पण मेव्हिस एवढंच म्हणाली, "शुक्रवारी या, राजा. मधल्या खणात बसून बघा. मग पाडा."

ते आले, बसले. शेजारच्या खणाचं दार वाजलं, आणि काचेखालून हिरव्या खड्याच्या अंगठीचा हात पुढे आला.

"नेहमीचंच, मेव्हिस. आमचे हे कंपनीच्या कामाला गेलेत."

"म्हणजे आज चर्चमध्ये फुलं रचायला जायचं नाही?" बरोबरच्या मैत्रिणीने विचारलं.

"इथेच रचते की. अगं, ते घरी बोलायला लागले की मी कपाटं आवरायला घेते. येऊन बघ, कशी लखलखतात. जेवतानासुद्धा तेच. मोकळंऽ, हवेशीऽर."

हात मेव्हिसच्या जुन्या ओळखीचा. तो कुणाच्या बायकोचा, ते आत्ता कळलं. मधल्या खणातली काच हळूच बंद झाली. खालून कुजबुज आली.

"मी बाहेर कसा जाऊ?"

"तुमच्या खणाचं दार आहे की मागे. दिसणार नाही कुणाला."

"आणि ती दर शुक्रवारी येते?"

"कोण, राजा? मला मेलीला हातच दिसतात."

काचेखालून रिकामा ग्लास पुढे सरकला. मग, "काचा राहू द्या. आडभिंतीही. दारं तर राहू द्याच."

काचा पंधरवड्यात जाणार, नाही गेल्या तर मी पुसून देईन, अशी पैज मी मेव्हिसशी लावली होती, तीही साहेबांच्याच आवाजात. हरले. शनिवारी सकाळी व्हिनेगर आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन सगळ्या काचा पुसल्या, आणि पहिल्या दोन मेव्हिसने नापास केल्या.